दोन पोटांचं अक्षर

"ऑइल बदली केल्यापासनं" हे तीन शब्द कुठल्याही मेस्त्रीला झोंबतात. गाडी आपल्या हाताखालून गेली, की पुढं महिनाभर तिचं जे काही बिघडेल ते आपल्याच नावावर. ऑइल बदललं आणि तिसऱ्या दिवशी हॉर्न बसला म्हणून भांडायला आलेले एक गृहस्थ माझ्या चांगले लक्षात आहेत. ऑइलचा आणि हॉर्नचा संबंध काय, हे त्यांना सांगता आलं नाही. संबंध नाही, हे मला पटवता आलं नाही. शेवटी हॉर्नची वायर फुकट जोडून दिली, तेव्हा विजयी चेहऱ्यानं गेले.

त्यामुळं आबा गुरुवारी दुपारी आले, जुन्या टायरींच्या थप्पीवर टेकले आणि "मेस्त्री, ऑइल बदली केल्यापासनं गाडी नुसती वरडतीया, चढत न्हाई," म्हणाले, तेव्हा माझं तोंड ऐकून घ्यायच्या आधीच वाकडं झालेलं होतं.

आबांचं गाव यवतेश्वरच्या पुढं, कासच्या रस्त्याला. पहाटे धारा काढायच्या, स्प्लेंडरच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवायचे, घाट उतरून साताऱ्यात यायचं, रतीब घालायचे. दुपारी रिकामे कॅन आणि मागच्या सीटवर सरकी पेंडीचं पन्नास किलोचं पोतं घेऊन घाट चढायचा. वर्षानुवर्षं हेच. मी विचारलं, "सकाळी येताना पण होतं का?" ते म्हणाले, "सकाळी काय न्हाई. सकाळी झ्याक चालती."

आता बघा. सकाळी ओझं घेऊन गाडी उतरते, दुपारी ओझं घेऊन चढते. सगळं निदान त्या एका उत्तरात पडलेलं होतं आणि मी त्यावरून उडी मारून पुढं गेलो. गाडी घेतली, पोवई नाक्यापर्यंत सपाटीवर फिरवून आणली. मऊ चालली. "ऊन लागलं असंल इंजिनाला. सावकाश जावा," असं म्हणून आबांना वाटेला लावलं. दुकानात त्या दिवशी चार गाड्या उघड्या पडल्या होत्या, हे काही कारण नव्हे.

शुक्रवारी आबा पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत. पोतं सीटवरून पुढं सरकवून घेतलं, अर्धं टाकीवर, अर्धं मांडीवर, आणि म्हणाले, "तू माग बस."

समर्थ मंदिर मागं पडलं, घाट सुरू झाला. पहिल्या दोन वळणांना काही नाही. तिसऱ्या वळणानंतर रस्ता जरा ताठ होतो, तिथं आबांनी तिसऱ्या गिअरवर मूठ पूर्ण पिळली. इंजिनाचा आवाज वर गेला, गाडी होती तिथंच. म्हणजे चालत होती, पण आवाजाच्या हिशोबानं जितकी पळायला हवी तितकी नाही. आवाज पुढं, गाडी मागं. आबांनी मूठ थोडी सोडली तसा आवाज खाली आला आणि गाडीनं पुन्हा पकड घेतली. पुन्हा मूठ, पुन्हा तेच. स्प्लेंडरच्या मीटरमध्ये इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही. तिथं कान हाच काटा. खाली साताऱ्याची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती, समोर अजिंक्यतारा, आणि मी एका दुधवाल्याच्या पाठीमागं बसून स्वतःला शिव्या घालत होतो. सपाटीवर मोकळ्या गाडीचा क्लच तपासायचा नसतो, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना शंभरदा सांगितलं असेल.

क्लच स्लिप मारतो तेव्हा तो गप्प राहून मारतो. चेन ढिली असली, स्प्रॉकेटचे दात झिजलेले असले, तरी गाडी ओढत नाही, पण तिथं खटाक, खटाक असा दणका बसतो, पायाला कळतो. क्लचचं तसं नाही. तो नुसता हात सोडतो, तोही अशा वेळी की इंजिनाचा जोर सगळ्यात जास्त त्याच्यावर असतो. म्हणून खालच्या गिअरला दोष लवकर दिसत नाही; गाडी चटकन सुटते, वेग घेते, जोर निघून जातो. वरच्या गिअरला, चढावर, ओझ्यानिशी, तो जोर बराच वेळ प्लेटांवर बसून राहतो. सपाटीवर बघायचंच असेल तर टॉपला चाळीसच्या वेगानं जाताना एकदम पूर्ण रेस द्यायची. निरोगी क्लच असेल तर गाडी थोडी कुरकुरत पण आवाजाच्या बरोबरीनं पळायला लागते. आजारी असेल तर आवाज एकटाच पळतो.

दुकानात परत आलो. उभ्या गाडीवरची तपासणी केली. दोन्ही ब्रेक दाबून गाडी टॉपला टाकली आणि क्लच हळूहळू सोडला. अशा वेळी इंजिन तिथल्या तिथं बंद पडायला हवं. पडलं, पण मरताना जरा रेंगाळलं.

मग लिव्हर पाहिला. क्लच लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल असावी लागते, तिला आम्ही 'प्ले' म्हणतो. आबांच्या लिव्हरला प्ले जवळजवळ नव्हता. लिव्हर हातात घेतला की केबल ताणलेलीच. याचा अर्थ क्लच सतत चिमूटभर दाबलेला, स्प्रिंगांचा काही जोर केबलच्याच कामी लागलेला. प्लेटा झिजतात तसा प्ले कमी होत जातो, केबल ताणते तसा वाढतो. दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं, म्हणून दर सर्व्हिसिंगला बघावं लागतं. सोमवारी ऑइल बदललं तेव्हा कोणी बघितलं? आमच्या दुकानातल्या पोरानं, बारक्यानं. आबांनीच त्याला सांगितलं होतं, "जरा जवळ घे रं, लांब दाबाया लागतंय." त्यानं ॲडजस्टर पिळून जवळ घेतलं. गिऱ्हाईकाचं ऐकलं म्हणून त्याला काय बोलणार!

चेक नट सैल केला, प्ले दिला, नट आवळला. दहा मिनिटांचं काम. मला वाटलं, चोर सापडला. आबांकडून पैसे घेतले नाहीत आणि त्याचा थोडा मोठेपणाही मिरवला.

शनिवारी आबा म्हणाले, "फरक हाय. पर हाय अजून."

इथं जरा मागं जातो. मी 1987 साली दहावी सोडून गॅरेजात लागलो तेव्हा साताऱ्यात चहूकडे प्रिया स्कूटर. का नसणार, त्या इथंच बनत होत्या. महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना गावात, निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथं कामाला. आमचे वस्ताद प्रियाचं इंजिन डोळे मिटून खोलायचे. त्या स्कूटरीचं इंजिन टू-स्ट्रोक. इंजिनाचं ऑइल पेट्रोलात मिसळून जळून जायचं, आणि गिअर व क्लच यांचं ऑइल वेगळं, पाव लिटर, आपल्या डब्यात निवांत. क्लचच्या प्लेटांना कॉर्कचे तुकडे. नवी प्लेट बसवायच्या आधी वस्ताद ती रात्रभर ऑइलात भिजत घालायचे. डाळ भिजत घालावी तशी, ताटलीत, वर कागद झाकून. तेलात भिजवलेल्या प्लेटा एकमेकींना धरतात कशा, हे मला तेव्हा कोडंच होतं. एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "पैलवान तेल लावून कुस्ती खेळतो, तरी पकडतोय न्हवं?"

उत्तर अर्धं खरं होतं. क्लचमध्ये दोन जातींच्या थाळ्या एकाआड एक बसवलेल्या असतात. एक जात इंजिनाबरोबर फिरते, दुसरी, लोखंडी, गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंगा त्यांना आवळून धरतात आणि मधलं तेल प्लेटांवरच्या खाचांतून बाहेर दाबलं जातं. तरी एक पातळ पापुद्रा उरतोच. सगळी गंमत त्या पापुद्र्याची. तो किती बुळबुळीत, यावर पकड ठरते.

मग हिरो होंडाची सीडी 100 आली, 1985 साली. साताऱ्यात रस्तोरस्ती दिसायला आणखी थोडी वर्षं गेली. फोर-स्ट्रोक. सुरुवातीला लोक पेट्रोलपंपावर सवयीनं ऑइल मिसळायला सांगायचे. या गाडीचं ऑइल पेट्रोलात नाही, इंजिनाच्या पोटात. आणि तेच ऑइल पिस्टनला, तेच गिअरला, तेच क्लचला. एका विहिरीवर तीन घरं. वस्तादांना हे पटलं नव्हतं. "इंजिनाला पाजतोस, पितो क्लच," असं ते म्हणायचे. त्या काळात मात्र त्रास झाला नाही, कारण बाजारात मिळणारं ऑइल साधं, जाड, 20डब्ल्यू-40 नाहीतर 20डब्ल्यू-50. मोटारीत घाला, मोटरसायकलीत घाला, कुणाची तक्रार नाही.

तक्रारी आल्या त्या ऑइल चांगलं व्हायला लागल्यावर. मोटारीचा क्लच कोरडा, इंजिनाच्या बाहेर. तिथं इंजिनाचं ऑइल पोचतच नाही. तेव्हा मोटारीचा एव्हरेज वाढावा म्हणून कंपन्यांनी ऑइल पातळ केलं आणि त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातली. मोटारीला उत्तम. मोटरसायकलीच्या क्लचला तेच घातक, कारण त्याचं पोटच घर्षणावर. जपानी गाडीवाल्यांनी 1998 साली यासाठी जासो टी 903 हे वेगळं मानक काढलं. तेलात बुडालेला क्लच धरून ठेवणारं ते एमए, घर्षण कमी असणारं ते एमबी. पुढं 2006 मध्ये एमएचे एमए1 आणि एमए2 असे दोन भाग केले. ही अक्षरं बाटलीच्या पाठीमागं, छोट्या चौकटीत छापलेली असतात. पुढच्या बाजूला मोटरसायकल वाऱ्याच्या वेगानं पळत असते.

हे सगळं मला आबांच्या वेळी माहीत नव्हतं का? होतं. मोटारीचं उरलेलं महागडं ऑइल दीडशे सीसीच्या गाडीत घालून आलेली किती पोरं मी परत पाठवली आहेत. "काका, हे फुल सिंथेटिक आहे," असं ती मला समजावतात, जणू मला साजूक तूप आणि डालडा यातला फरक कळत नाही. घर्षण कमी करणारी औषधाची बाटली ऑइलात ओतून आलेला एक जण होता. त्याची गाडी टॉपला साठच्या पुढं जाईना. तरी "इंजिन किती स्मूद झालंय" म्हणून खूश. त्या सगळ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, "आत काय ओतलंय?" आबांना विचारला नाही, कारण ओतलं होतं आम्ही. माझ्या दुकानातलं, माझ्या फळीवरचं, सीलबंद ऑइल. त्याच्यावर संशय घ्यायचा हे मनातसुद्धा आलं नाही.

म्हणून रविवारी क्लच उघडला. ड्रेन बोल्ट काढून ऑइल ट्रेमध्ये सोडलं. अजून मधासारखं सोनेरी होतं, सहा दिवसांचंच. किक काढली, फूटरेस्ट उतरवला, आठच्या टी पान्यानं उजव्या बाजूच्या कव्हरचे बोल्ट एकेक काढले आणि ते ज्या जागचे तसेच पुठ्ठ्यावर टोचून ठेवले, कारण त्यांची लांबी कमी-जास्त असते. पॅकिंग खरवडलं. स्प्रिंगांचे बोल्ट आडवे-तिरपे थोडे थोडे सोडले. प्लेटा बाहेर आल्या.

मला वाटलं होतं, जळका वास येईल, लोखंडी प्लेटांवर मोरपंखी निळे डाग असतील. वास नव्हता. डाग एका प्लेटवर, तोही फिकट. घर्षणाच्या प्लेटा झिजल्या होत्या, पण संपल्या नव्हत्या. नव्या प्लेटेची जाडी या गाड्यांत तीन मिलिमीटरच्या आसपास असते. व्हर्नियर लावला तर यांची पावणेतीनला थोडी वर. आणखी काही महिने चालल्या असत्या. मात्र त्यांच्या अंगावर एक चकाकी होती, वापरून गुळगुळीत झालेल्या पाटीसारखी. मी ती नखानं घासून पाहिली. नख सरकत होतं.

मी स्वतःला सांगितलं, "ग्लेझ झाल्यात. प्ले नव्हता म्हणून घासल्या." खोटं नव्हतं. पण आठवणीत वस्ताद बुलेटची किक मारताना दिसले. जुन्या बुलेटचा क्लच वेगळ्या खोक्यात, आणि किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाला जातो. क्लच स्लिप मारत असेल तर किक नुसती खाली जाते, इंजिन फिरत नाही. अशी गाडी आली की वस्ताद प्लेटांना हात लावायच्या आधी त्या खोक्यातलं तेल बोटावर घेऊन चोळायचे, वास घ्यायचे. मीही ट्रेमधलं ऑइल बोटांत घेऊन चोळलं. ऑइलसारखं लागलं. आता सांगतो, बोटांना एमए आणि एमबी सारखंच लागतं. तिथं वस्तादांचं बोटही फसलं असतं.

आबांना नवीन प्लेटांचा सेट सांगितला. त्यांनी बंडीच्या खिशातून पैसे काढताना दोनदा मोजले. नव्या प्लेटा भिजवल्या, बसवल्या, नवीन पॅकिंग लावलं. आणि मग मी ती गोष्ट केली जिची अजून लाज वाटते. ऑइल सहा दिवसांचं, सोनेरी, आबा आधीच खर्चात पडलेले. ते टाकायचं कशाला? मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं आणि तेच परत ओतलं.

सोमवारी गाडी घाटातून वाऱ्यासारखी गेली. जाणारच होती. प्लेटा जाड, त्यामुळं स्प्रिंगा जास्त दबलेल्या, पकड वाढलेली. आबांनी बुधवारी अर्धा लिटर दूध आणून दिलं, पैसे घेतले नाहीत. चहा मस्त झाला होता.

पुढच्या आठवड्यात आबा पुन्हा आले. काही बोलले नाहीत. गाडी स्टँडला लावली आणि माझ्याकडं बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मला सुचेना. प्ले बरोबर. केबल मोकळी. प्लेटा कोऱ्या. राहिल्या स्प्रिंगा, आणि क्लच हबच्या कडांना पडलेल्या खाचा. मी बारक्याला स्प्रिंगा आणायला पाठवलं आणि रिकामा बसलो होतो म्हणून मागच्या कोपऱ्यातलं रिकाम्या बाटल्यांचं पोतं बांधायला घेतलं. भंगारवाला यायचा होता. पोत्यात वरच एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन बाटल्या. दोन्हींवर 10डब्ल्यू-30. एक उंच, एक बुटकी. मी त्या बाटल्या वर्षानुवर्षं विकतोय. उंच स्प्लेंडरसारख्या गाड्यांची, बुटकी गिअर नसलेल्या स्कूटरची. स्कूटरचा क्लच मागच्या चाकापाशी, पट्ट्याच्या कव्हरमध्ये, कोरडा. तो ऑइलला कधी भेटतच नाही. म्हणून तिला एमबी चालतं, उलट एव्हरेजला बरंच.

बुटकी उचलली. पुढच्या बाजूला स्कूटरचं चित्र होतं, पण तिथं हाताच्या काळ्या बोटांचा ठसा. मागं फिरवली. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला. चौकटीत एम, आणि त्याच्यापुढं बी. चाळीशीच्या डोळ्यांना ए आणि बी यांच्यात एका रेषेचा फरक दिसतो, तोही ऊन असलं तर.

बारक्या परत आल्यावर विचारलं. आधी म्हणाला, आठवत नाही. मग आठवलं. सोमवारी उंच बाटली एकच शिल्लक होती, ती दुसऱ्या गाडीला गेली. आबांना घाई होती, मी टपरीवर होतो. त्यानं आकडा बघितला. दहा, तीस. दोन्हीकडं सारखाच. बुटकी ओतली, कमी पडलं ते दुसऱ्या फोडलेल्या बाटलीतून भरलं. "आकडा सेम होता की, दादा." खरंच होता. तो आकडा ऑइल किती पातळ हे सांगतो, ते धरतं की सोडतं हे सांगत नाही. हे मी त्याला कधी सांगितलेलंच नव्हतं. बाटली देताना मीही "दहा-तीस दे रे" एवढंच म्हणायचो.

स्प्रिंगा हातात होत्या, बसवल्या नाहीत. आता फक्त एकच गोष्ट बदलायची होती. गॅरेजात हे क्वचित जमतं. गिऱ्हाईकाला गाडी हवी असते, कारण नको असतं; म्हणून आम्ही तीन गोष्टी एकदम बदलतो, गाडी बरी होते आणि नेमकं कशानं बरी झाली ते आम्हालाही कळत नाही. या वेळी मला कळायला हवं होतं. इंजिन तापवून ऑइल सगळं सोडलं, गाडी कलती करून शेवटचा थेंबही काढला, एमएची बाटली तीनदा वाचून ओतली. आबांना सांगितलं, दोन दिवस थोडं जाणवेल, मग जाईल. प्लेटांनी आत पिऊन घेतलेलं एकदम सुटत नाही. तीनशे किलोमीटरनं पुन्हा या, पुन्हा बदलतो, माझ्या पैशानं.

पण त्याआधी खरं सांगणं भाग होतं. सांगताना मी बारक्याचं नाव घेतलं नाही, हे काही औदार्य नव्हे. दुकानावरची पाटी माझी आहे. "आबा, चुकून स्कूटरचं ऑइल पडलं होतं. आमच्या हातनं. प्लेटा बदलायची गरज नव्हती."

आबांनी थोडा वेळ विचार केला. "म्हंजे म्हशीची पेंड बैलाला घातली म्हण की."

"तसंच."

"बैल मरत न्हाई," आबा म्हणाले, "पर नांगराला जुपला की बसतोय."

इतक्या वर्षांत एमबी ऑइलचं इतकं नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही. पैसे परत करायला गेलो तर घेतले नाहीत. पुढच्या दोन सर्व्हिसिंग फुकट, यावर तोडगा निघाला. जुन्या प्लेटा मात्र मागून घेतल्या. खेड्यातली माणसं काढलेला माल दुकानात सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच परत आणून दिल्या. "घरी काय करू ह्येंचं?" म्हणाले. मी त्या पेट्रोलनं धुतल्या, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यांची चकाकी हलक्या हातानं मोडली, रात्रभर ऑइलात भिजवल्या, आणि माझ्याच जुन्या गाडीत बसवल्या. माझ्या प्लेटा तशाही संपत आल्या होत्या. अजून चालताहेत. मुद्दाम पोतं लादून घाटात नेल्या, एकदाही सोडलं नाही.

तीनशे किलोमीटरनंतर आबांचं ऑइल पुन्हा बदललं तेव्हा स्लिप पूर्ण गेलेली होती. घाटात मी पुन्हा मागं बसून गेलो. आवाज आणि गाडी बरोबर चालत होती.

दुकानात फळ्या वेगळ्या केल्या. स्कूटरचं डावीकडं, मोटरसायकलचं उजवीकडं. बारक्यानं खडूनं मोठी अक्षरं लिहिली, ती पहिल्या पावसाळ्यात ओल येऊन गेली. आबांचं मात्र फळीवर भागत नाही. दर सर्व्हिसिंगला ते स्वतः बाटली उचलतात. इंग्रजी त्यांना येत नाही. बाटली पाठमोरी करतात, हात लांब करून उन्हात धरतात आणि चौकटीतल्या दुसऱ्या अक्षरावर अंगठ्याचं नख ठेवून मला दाखवतात.

"ह्येला पोटं किती?"

"एकपण नाही, आबा."

"मग ओत."